पोचे आलेली बोट : टेक्सासमध्ये जुनी अ‍ॅल्युमिनियमची बास बोट घेतली त्याची हकीकत

‘बास’ म्हटलं की आपल्याला ‘पुरे’ एवढंच आठवतं. इथे टेक्सासमध्ये तो गोड्या पाण्यातला मासा आहे, आणि त्याच्यापायी लोकांचं कधीच बास होत नाही. लार्जमाउथ बास हे त्याचं पूर्ण नाव. तोंड मिटलेलं असतानाही जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं, म्हणून लार्जमाउथ. खाण्यासाठी पकडणारे थोडे. पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, असा हा खेळ. माझ्या आईला हे फोनवर समजावून सांगायला मला दोन वर्षं लागली. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी गरी टाकायला गेलेला मुलगा हात हलवत घरी आला तर बोलणी खायचा, आणि आता तोच मुलगा मासा हातात येऊनही परत पाण्यात टाकतो!

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. दोन वर्षं मी काठावरूनच मासेमारी केली. त्यासाठी लागतं फक्त लायसन्स. टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं पॅकेज ३० डॉलरला मिळतं आणि ते ३१ ऑगस्टला संपतं, तुम्ही कधीही काढा. त्यामुळे जुलैत काढलंत तर महिन्या-दीड महिन्यात पैसे वाया. (मी पहिलं जुलैतच काढलं होतं.) १७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही, म्हणून आमचा बारा वर्षांचा चिरंजीव फुकट.

काठावरची अडचण अशी की मासा काठावर नसतो. असतो तेव्हा तिथे आधीच कुणीतरी खुर्ची टाकून बसलेलं असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या बोटीतून लेक फोर्कला नेलं. फोर्क आमच्यापासून पूर्वेला दीड-दोन तासांवर. १९८० साली धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली तेव्हा तिथली झाडं तोडून साफ न करता बरीचशी तशीच ठेवली. आज चाळीसेक वर्षांनंतरही पाण्यातून करड्या खोडांचं जंगलच्या जंगल उभं आहे. जेवढी वर दिसतात, त्यापेक्षा जास्त पाण्याखाली वीतभर दडलेली. माशांना तेच घर हवं असतं. टेक्सासचा बासचा विक्रम, १८.१८ पौंड, याच तलावातला, जानेवारी १९९२ चा.

सहकाऱ्याची बोट फायबरग्लासची, वीस फुटी, लाल चमकीची, मागे अडीचशे हॉर्सपॉवरची मोटर. उघड्या पाण्यावर ती जी पळाली, डोळ्यांतून पाणी आलं. पण खोडांच्या पट्ट्याजवळ आलो आणि माझा सहकारी बदलला. मान पुढे, श्वास रोखलेला. कुठे ‘खर्र’ झालं की चेहरा पडायचा. फायबरग्लासच्या बोटीवर जेलकोट नावाचा काचेसारखा गुळगुळीत थर असतो. त्याला तडा गेला आणि आतल्या थरात पाणी शिरलं तर दुरुस्ती महागात जाते. शेवटी आम्ही खोडांपासून पंचवीस फुटांवर थांबलो आणि तिथून गळ फेकत बसलो. त्याच वेळी शेजारून दोघं म्हातारे एका फिकट हिरव्या पत्र्याच्या बोटीतून थेट खोडांच्या मधोमध शिरले. ठण्ण. पुन्हा ठण्ण. दोघांपैकी एकानेही मागे वळून बघितलं नाही. त्यांनी आमच्यासमोर तीन मासे काढले.

घरी येऊन मी आकडेमोड केली. सहकाऱ्याचा तामझाम, म्हणजे बोट, मोटर, ट्रेलर, पेट्रोल, बॅटऱ्या धरून, ४००० पौंडांच्या वर. आमच्या एसयूव्हीची ओढायची क्षमता ३५०० पौंड. म्हणजे बोटीआधी ट्रक घ्यावा लागणार. त्या आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी हलक्या, कारण पत्राच पातळ असतो, साधारण इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर. सतरा फुटी बोट, पन्नास हॉर्सपॉवरची मोटर आणि ट्रेलर मिळून दोन हजार पौंडांच्या आसपास बसतात. गाडी तीच, बोट नवी. निदान जुनी-नवी.

बायकोला हा हिशेब दाखवला. ती म्हणाली, “पत्र्याची आहे ना? मग ठीक आहे. तुझ्या हातात काचेचं काही नकोच.”

नोव्हेंबर-डिसेंबर मी फक्त वाचत आणि व्हिडिओ बघत बसलो. त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. या बोटी दोन प्रकारे जोडतात, रिव्हेट (पत्रे जोडणारे डोकेवाले छोटे खिळे) ठोकून किंवा वेल्डिंग करून. रिव्हेट म्हणजे विमानाचं तंत्र. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने युद्ध संपता संपता त्याच पत्र्याच्या आणि रिव्हेटच्या कानू, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्या, बनवायला घेतल्या होत्या. पुढे १९७८ मध्ये ट्रॅकर या बोटींच्या कंपनीने बोट, मोटर आणि ट्रेलर एकत्र, एकाच किमतीत विकायला सुरुवात केली. तोवर तिन्ही वेगवेगळं जमवायला लागायचं. माझ्यासारख्या पगारदाराच्या अंगणात बास बोट दिसायला लागली त्यात या गठ्ठ्याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

रिव्हेटची बोट स्वस्त, पण वर्षानुवर्षं लाटांवर आपटून रिव्हेट सैल होतात आणि झिरपायला लागतात. वेल्डिंगची महाग आणि शांत, पण वेल्ड तडकला तर घरी काही करता येत नाही, जाणकार वेल्डर लागतो. मी रिव्हेटची घ्यायची ठरवली, आणि कारण साधं : पैसे.

जानेवारी २०२४ पासून रोज रात्री जाहिराती चाळायला लागलो. पहिली बोट बघितली ती स्वस्त आणि चकचकीत. मागची भिंत, जिच्यावर मोटर टांगलेली असते ती, म्हणजे ट्रान्सम. पत्र्याची असली तरी जुन्या बोटींत तिच्या पोटात प्लायवूड असतं आणि ते कुजतं. परीक्षा सोपी आहे : मोटर थोडी वर उचला, तिच्या खालच्या भागावर दाब देऊन हलवा आणि डोळा ट्रान्समवर ठेवा. त्या बोटीचा ट्रान्सम मोटरबरोबर लवत होता. हातोडीच्या दांड्याने टकटक केलं तर पिकलेल्या फणसासारखा बद्द आवाज. आभार मानले आणि निघालो.

दुसरीचा मालक म्हणाला, टायटल, म्हणजे मालकीचा कागद, हरवलंय पण काही फरक पडत नाही. फरक पडतो. निघालो.

तिसरी बोट १७ फेब्रुवारीला, शनिवारी, पूर्व टेक्सासच्या एका छोट्या गावात. मालक पंचाहत्तरीचे आजोबा. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून विकत होते. बोट २००४ ची, सतरा फुटी, मोटर पन्नास हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक, एकूण ७५०० डॉलर मागत होते. बघितल्या बघितल्या मला आमच्या घरचं दुधाचं पातेलं आठवलं. पुढच्या अंगाला इतके पोचे की हात फिरवला तर वरखाली होत जावा. आजोबांनी ते लपवले तर नाहीतच, उलट एकेकावर बोट ठेवून ओळख करून दिली. हा सॅम रेबर्न तलाव. हा फोर्क. हाही फोर्क. हा आमचा जावई.

जावयाचा पोचा सगळ्यात मोठा होता.

मी घाबरत विचारलं की बोटीत पाणी भरून बघू का. त्यांनी काही न बोलता बागेतला पाइप आणून दिला. ही युक्ती लक्षात ठेवा. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीत पाणी कुठून येतंय ते शोधणं अवघड, पण ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीत आतून पाणी घातलं की ते बाहेर कुठे येतं ते खालून दिसतं. बूच लावा, पाणी दोन-तीन इंचच घाला. त्याहून जास्त नको, कारण घनफूटभर पाणी बासष्ट पौंडांचं होतं आणि ट्रेलरला तो भार सोसवत नाही. मग गाडीखाली शिरतात तसे बोटीखाली शिरा आणि वाट बघा. दहा मिनिटं काही नाही. मी खूश. विसाव्या मिनिटाला मागच्या बाजूला एका रिव्हेटच्या डोक्याभोवती पाण्याचं कडं उमटलं, फुगलं, मोत्याएवढं झालं आणि टपकन माझ्या चष्म्यावर पडलं. थोड्या वेळाने त्याच्याच शेजारी दुसरं. मुलाने मार्करने दोन्हीभोवती गोल काढले. साठ-सत्तर रिव्हेटच्या रांगेत दोन गळके, तेही हात पोचेल अशा जागी. हे चांगलं लक्षण आहे असं आजोबा म्हणाले. विकणारा दुसरं काय म्हणणार, पण मलाही पटलं.

मोटरसाठी २ मार्चला एका फिरत्या मेकॅनिकला बरोबर नेलं. १२० डॉलर. त्याने तिन्ही सिलिंडरची कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासली. आकडा किती यापेक्षा तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत. ते होते. त्यानंतर ६६०० वर सौदा ठरला आणि मी ५०० डॉलर विसार दिला.

आता कागद. टेक्सासमध्ये बोटीचं टायटल वेगळं, मागे टांगलेल्या (आउटबोर्ड) मोटरचं टायटल वेगळं, आणि ट्रेलरचा संसार तर पूर्ण वेगळ्या खात्यात. बोट आणि मोटर पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडे, ट्रेलर काउंटीच्या टॅक्स ऑफिसात. पैसे देण्याआधी खात्याच्या वेबसाइटवर बोटीचा ‘टीएक्स’ने सुरू होणारा नोंदणी नंबर आणि मोटरचा सीरियल नंबर टाकून मालक कोण आणि कर्ज आहे का ते बघता येतं. बोट आजोबांच्या नावावर होती. मोटर भलत्याच माणसाच्या.

झालं असं होतं की मूळ मोटर बिघडल्यावर आजोबांनी २०१५ मध्ये कुणाकडून तरी ही वापरलेली मोटर घेतली. त्या माणसाने टायटलच्या मागे सही करून दिली, आणि आजोबांनी ते टायटल बायबलच्या खणात ठेवून दिलं. नावावर केलंच नाही. माझ्या मनात आलं, सही आहे, आपणच पुढे नेऊ. ऑफिसात फोन केला तर बाईंनी शांतपणे सांगितलं की मध्ये जेवढे मालक झाले तेवढ्यांची साखळी कागदावर जुळायला हवी. आजोबा ओशाळले. गुडघे दुखत असताना स्वतः जाऊन, मागचा कर आणि दंड भरून त्यांनी मोटर आधी स्वतःच्या नावावर केली. नवीन टायटल पोस्टाने यायला मार्चचा शेवट उजाडला. मला त्या चार आठवड्यांत झोप नव्हती. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बास अंडी घालायला उथळ पाण्यात यायचा काळ, वर्षातला सगळ्यात भारी, आणि माझी बोट दुसऱ्याच्या अंगणात. पण घाई केली नाही ते बरं केलं. पाचशे अडकले होते, सहा हजार नाही.

३० मार्चला उरलेले पैसे दिले. एक सल्ला : बिल ऑफ सेलवर तिन्ही किमती वेगवेगळ्या लिहून घ्या. आमच्या बिलावर बोट २९००, मोटर २९००, ट्रेलर ८००. कारण कर दोन ठिकाणी भरायचा असतो. बोटीच्या बुडाचा बारा अक्षरांचा नंबर, म्हणजे हल आयडी, ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असतो. तो टायटलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा आणि फोटो काढून ठेवा. आमच्या बोटीवर त्यातला एक पाच चिखल बसून एससारखाच दिसत होता.

४ एप्रिलला खात्याच्या ऑफिसात गेलो. बोटीसाठी पीडब्ल्यूडी १४३, मोटरसाठी पीडब्ल्यूडी १४४, दोन्ही अर्ज घरूनच भरून नेले होते. मूळ टायटलं, बिल, ओळखपत्र. खर्च असा : ५८०० वर सव्वासहा टक्के कर म्हणजे ३६२.५०, दोन टायटलचे २७ प्रमाणे ५४, आणि १६ ते २६ फुटांच्या बोटीचं दोन वर्षांचं रजिस्ट्रेशन ५३. बेरीज ४६९.५०. खरेदीपासून ४५ कामकाजाच्या दिवसांत हे झालं नाही तर दंड. रांगेत चाळीस मिनिटं, खिडकीवर पंधरा. खिडकीतल्या बाईंनी पावती देताना विचारलं, “पत्र्याची? माझ्या वडिलांकडे होती.” आणि पुढच्याला हाक मारली. रजिस्ट्रेशनचं कार्ड आणि स्टिकर हातात मिळाले. टायटलं पोस्टाने.

८ एप्रिलला डॅलसमध्ये खग्रास सूर्यग्रहण होतं. अख्खं शहर काळे चष्मे लावून रस्त्यावर. म्हणून ट्रेलरच्या कामाला ९ ला गेलो. फॉर्म १३०-यू. ट्रेलरचं टायटल नव्हतंच, कारण ४००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला ते बंधनकारक नाही. ८०० वर ५० डॉलर कर, रजिस्ट्रेशन ४५ आणि वर काउंटीचे किरकोळ. ट्रेलरची मुदत मात्र तीस दिवसांची आहे, बोटीच्या पंचेचाळीसशी गल्लत करू नका.

मग बोटीवर नंबर. जुने आकडे उन्हाने पुसट झाले होते. अक्षरं किमान तीन इंच उंच, बोटीच्या रंगात उठून दिसणारी, दोन्ही अंगांना पुढच्या अर्ध्या भागात, आणि गटांमध्ये एका अक्षराएवढी मोकळी जागा. स्टिकर नंबरच्या मागे, त्याच ओळीत. चिकटवताना मध्ये जावयाचा पोचा आला. त्या पोच्यात आमच्या नंबरातला आठ असा बसलाय की बाजूने बघितलं तर तीन वाटतो. दोनदा काढून लावला. शेवटी हेअर ड्रायरने गरम करून दाबला तेव्हा बसला.

गळक्या रिव्हेटची दुरुस्ती एका रविवारी शेजाऱ्याला हाताशी धरून केली. आतून त्याने जड लोखंडी ठोकळा रिव्हेटवर दाबून धरला, बाहेरून मी हातोडीने ठोके दिले. चार-पाच ठोके, जास्त नाही, नाहीतर भोक मोठं होतं. वरून पाण्यात टिकणारं सीलंट. पुन्हा पाणी भरून बघितलं, तासभर थेंब नाही. त्या दुपारी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे पहिला मासा लागला तेव्हाही झाला नाही. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली : आतली फळी बदलायची असेल तर अंगणातल्या डेकला वापरतात ते प्रक्रिया केलेलं हिरवट प्लायवूड वापरू नका. त्यात तांबं असतं, आणि ओल लागली की तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं. आमच्या मागच्या झाकणाखाली कुणीतरी तसा तुकडा लावला होता. तो काढला तर खाली पत्र्याला पांढरी पावडर आणि मुरुमासारखे खड्डे. वेळेत सापडलं.

ट्रेलर मागे घेणं हा प्रकार मी दोन संध्याकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये शिकलो. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रेलर डावीकडे जायला हवा असेल तर तळाचा हात डावीकडे. या एका वाक्याने माझा संसार वाचला, कारण त्याआधी बायको मागे उभी राहून ‘डावीकडे’ म्हणायची आणि मी ‘कुणाच्या डावीकडे’ विचारायचो.

सामानाचं बोलायचं तर माणशी एक लाइफ जॅकेट, सोळा फुटांपुढच्या बोटीत फेकता येईल असं एक जास्तीचं तरंगतं, शिट्टी आणि अग्निशामक सिलिंडर. २०२२ पासूनच्या नियमाप्रमाणे एकदाच वापरायचा सिलिंडर बनवल्यापासून बारा वर्षांनी बाद होतो, आजोबांचा झाला होता. तेरा वर्षांखालच्या मुलाने बोट चालू असताना जॅकेट अंगात घातलेलंच पाहिजे. इंजिनचा किल स्विच, म्हणजे चालकाच्या अंगाला अडकवायची दोरी, टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून सक्तीची आहे. बोटिंगची परीक्षा १ सप्टेंबर १९९३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच बंधनकारक, म्हणून मी सुटलो, तरी ऑनलाइन दिली. पाण्यावर समोरून बोट आली तर कुणी कुठे वळायचं हे मला खरंच माहीत नव्हतं.

पहिली फेरी १७ एप्रिलला, बुधवारी, सुट्टी टाकून, लेक रे रॉबर्ट्सला. पहिली वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी करा. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, मागे रांग नसते, आणि तुमचा तमाशा बघायला पेलिकनच असतात. बूच लावलं का, तीन वेळा बघितलं. ट्रेलरची वायर पाण्यात शिरण्याआधी काढली, नाहीतर गरम दिवे गार पाण्यात फुटतात. पाचव्या प्रयत्नात बोट पाण्यात गेली. हलकी असल्याचा खरा अर्थ तेव्हा कळला : एका हाताने दोरी धरून मी तिला गुरासारखी धक्क्याला आणली.

त्याच हलकेपणाचा मारही त्याच दिवशी खाल्ला. दहा वाजता वारा सुटला आणि बोट केळीच्या पानासारखी वाहायला लागली. मी पुढे उभा, पायाखाली ट्रोलिंग मोटरचं, म्हणजे पुढच्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरचं, पेडल, एक डोळा गळावर, एक डोळा काठावर. दुपारपर्यंत बॅटरी संपली. जरा लाट आली की बुडाचा पत्रा थापट्या मारतो, पाठीच्या कण्यापर्यंत पोचतात. आणि आवाज! मुलाच्या हातून पक्कड पडली तर तळ्यात घंटा झाल्यासारखं झालं. जड फायबरग्लासची बोट अशा पाण्यावर गादीसारखी चालते, हे खोटं कशाला बोलू. मोठ्या उघड्या तलावावर, वाऱ्यात, दिवसभर फिरायचं असेल तर पत्रा घेऊ नका. आम्ही नंतर खाली रबरी चटया टाकल्या आणि अवजारांना दोऱ्या बांधल्या. मासा त्या दिवशी एकही नाही. निघताना बोटीतलं सगळं पाणी तिथेच काढून टाकायचं, हा २०१४ पासून राज्यभर कायदा आहे, कारण झेब्रा शिंपले पाण्याबरोबर एका तलावातून दुसऱ्यात जातात.

११ मेला मुलाला घेऊन फोर्क. पहाटे साडेतीनला निघालो. उजाडताना त्याच खोडांच्या पट्ट्यासमोर होतो जिथे ऑक्टोबरात पंचवीस फुटांवर थांबलो होतो. इंजिन बंद करून वर उचललं आणि ट्रोलिंग मोटरवर आत शिरलो. पाणी दीड-दोन फूट, चहाच्या रंगाचं. खोडांवर शेवाळाची रेघ, एका फांदीवर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. मुलगा टेक्सास रिग फेकत होता, म्हणजे गळाचं टोक रबरी किड्याच्या पोटातच लपवायचं, की लाकडात अडकत नाही. मी त्याला काहीतरी सांगायला मागे वळलो आणि ठण्ण.

दोघंही गप्प. पाणकावळा उडाला. मी खाली वाकून बघितलं. पुढच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, बशीएवढा नवा पोचा. हात आतून फिरवला, कोरडा. माझा चेहरा सहकाऱ्यासारखा पडला असणार, कारण मुलगा म्हणाला, “बाबा, पत्र्याची आहे.” आणि पुढच्या खोडाच्या मुळाशी किडा टाकला. दोर सैल पडला, मग आडवा सरकला. त्याने हिसका दिला.

फळीवर मोजला, अठरा इंच. फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, खाली किंवा वर असेल तरच. म्हणजे ठेवायचा प्रश्नच नव्हता. मुलाने तो पाण्यात आडवा धरला, कल्ले हलेपर्यंत. शेपटीचा एक फटकारा, आणि त्याचा शर्ट भिजला.

आजोबांना संध्याकाळी पोच्याचा फोटो पाठवला. माशाचाही पाठवला होता, पण त्यांचं उत्तर आलं ते पोच्यावर : खोड पट्ट्याच्या उत्तरेकडचं, वाकडं, दोन फांद्यांचं का? तेच होतं. त्यांचा दुसरा फोर्क त्याच खोडाचा आहे, नंबराच्या खाली बघ, म्हणाले. टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेलो. आमच्या पोच्यापासून दीड फुटावर आहे.